गॉथेनबर्गचे स्वेडबर्ग आणि खानापूरचे माझे रुग्ण

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे अशक्त झालेले हृदय पुरेसे रक्त पुढे ढकलू शकत नाही त्या आजाराच्या, संशोधनाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास एकाच डॉक्टरच्या कारकिर्दीतून समजून घ्यायचा असेल, तर मी स्वीडनमधील गॉथेनबर्ग शहराचे हृदयरोगतज्ज्ञ कार्ल स्वेडबर्ग यांचे नाव घेईन. त्यांच्याहून अधिक गाजलेली नावे या क्षेत्रात आहेत. परंतु आज आपण या आजारात जी औषधे वापरतो, त्यांतील बऱ्याच औषधांच्या जडणघडणीत हा माणूस सहभागी होता; आणि औषधांचे एवढे मोठे काम पाठीशी असताना उतारवयात तो रुग्णाचे म्हणणे नीट ऐकून घेतल्याने काय फरक पडतो, याच्या अभ्यासाकडे वळला. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात फिजिशियन म्हणून आयुष्य घालवलेल्या मला त्यांचे हे दुसरे काम पहिल्याइतकेच मोलाचे वाटते. त्याचे कारण सांगण्यासाठी मला आधी पहिल्या कामाविषयी सविस्तर लिहावे लागेल.

आमच्याकडचा रुग्ण या आजाराविषयी बोलतो तो 'पंपिंग'च्या भाषेत. टू-डी इकोचा कागद पुढे करून तो विचारतो, "डॉक्टर, माझं पंपिंग किती आहे?" निरोगी माणसाच्या हृदयाचा डावा कप्पा आपल्यात भरलेल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ६५ टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला पुढे ढकलतो. हार्ट अटॅकने स्नायूचा काही भाग मेला, वर्षानुवर्षे रक्तदाब चढा राहिला, बालपणीच्या संधिवाताच्या तापाने झडपा बिघडल्या, किंवा स्नायूलाच आजार झाला, तर हे प्रमाण ३० किंवा २५ टक्क्यांवर येऊ शकते. मात्र रुग्णाला जो त्रास होतो, तो केवळ या आकड्यामुळे होत नाही. पुरेसे रक्त मिळत नाही हे जाणवताच शरीर ॲड्रिनॅलिनच्या जातीची संप्रेरके वाढवते, ठोके जलद करते, आणि मूत्रपिंडांना मीठ व पाणी धरून ठेवायला लावते. रक्तस्राव झालेल्या माणसाचा जीव याच व्यवस्थेमुळे वाचतो. कमकुवत हृदयाच्या माणसात मात्र हीच व्यवस्था महिनोन्महिने चालू राहते, त्यातून पायांवर सूज येते, रात्री उताणे झोपता येत नाही, चार पावलांवर धाप लागते, आणि हृदयाचा स्नायू आणखी झिजत जातो.

मी १९८० च्या दशकाच्या आरंभी वैद्यकीय शिक्षण घेत होतो, तेव्हा हा दुसरा भाग आम्हाला फारसा शिकवला जात नसे. हृदय अशक्त झाले आहे, तेव्हा त्याला जोर देणारे औषध द्यावे आणि साठलेले पाणी लघवीवाटे काढावे, एवढाच उपचाराचा गाभा होता. डिगॉक्सिन, लघवीची गोळी आणि अंथरुणावर विश्रांती. बीटा-ब्लॉकर या औषधांविषयी तर पाठ्यपुस्तकात स्पष्ट निषेध होता, कारण ही औषधे ॲड्रिनॅलिनचा परिणाम अडवतात, ठोके मंद करतात, आकुंचनाचा जोर घटवतात. अशक्त हृदयाला ती देणे म्हणजे रुग्णाला मारणे, असे परीक्षेत लिहिले नाही तर गुण जात.

गॉथेनबर्गमध्ये या समजाला त्याआधीच धक्का बसलेला होता. तेथील फिन वागस्टाइन, ओके यालमारसन आणि त्यांचे सहकारी हार्ट अटॅकच्या रुग्णांत बीटा-ब्लॉकरचा अभ्यास करत होते. ज्यांचे ठोके अतिशय जलद आहेत, अशा हृदयस्नायूच्या आजाराच्या रुग्णांना हे औषध अत्यंत सावधपणे दिले तर काय होईल, हा प्रश्न वागस्टाइन यांनी विचारला. १९७५ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचा निबंध आला, आणि त्यात रुग्ण होते केवळ सात. दम कमी झाला, हृदयाचे काम सुधारले, असा त्यांचा निष्कर्ष होता. सात रुग्णांवरून जगाने मत बदलावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही, आणि जगाने ते बदललेही नाही. त्यावेळी वापरात असलेले प्रॅक्टोलॉल हे बीटा-ब्लॉकर तर डोळे, त्वचा आणि पोटातील आवरणावर होणाऱ्या गंभीर दुष्परिणामांमुळे पुढे मागेच घ्यावे लागले. स्वेडबर्ग या गटात तरुण डॉक्टर म्हणून काम करत होते. १९७९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी दाखवले की बीटा-ब्लॉकर मिळालेले रुग्ण तशाच स्थितीतील इतर रुग्णांपेक्षा अधिक काळ जगले. हा अभ्यासही लहान होता, आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेला नव्हता, त्यामुळे त्यावरही शंका घेण्यास जागा होती.

माझ्या दृष्टीने त्यांचा या काळातील सर्वांत महत्त्वाचा निबंध त्यानंतरचा, १९८० सालचा आहे. ज्या रुग्णांना बीटा-ब्लॉकरने बरे वाटत होते, त्यांचे औषध देखरेखीखाली थांबवण्यात आले. काही रुग्णांचे हृदय हळूहळू पुन्हा बिघडू लागले, आणि औषध पुन्हा सुरू केल्यावर सुधारले. उपचार सुरू केल्यावर बरे वाटणे याला अनेक कारणे असू शकतात; रुग्णालयातली काळजी, नियमित आहार, आजाराचा नैसर्गिक चढउतार. परंतु औषध काढल्यावर बिघाड आणि दिल्यावर सुधारणा, हे दोन्ही त्याच माणसात दिसले, तर औषधाचा परिणाम नाकारणे अवघड होते. खानापुरात बसून हा निबंध वाचताना मला माझीच ओपीडी दिसते. दम गेला, सूज उतरली, माणूस शेतात जाऊ लागला, की गोळी बंद होते. रोपलागवडीच्या दिवसांत बाजारात येणे होत नाही, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या आजारात पैसे खर्च होतात, किंवा शेजारी सांगतो की बरे वाटते आहे तर एवढ्या गोळ्या कशाला. दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस बसून रात्र काढत परत येतो. स्वेडबर्ग यांनी देखरेखीखाली जे घडवून पाहिले, ते आमच्याकडे देखरेखीशिवाय सतत घडत असते.

बीटा-ब्लॉकरचा स्वीकार व्हायला इतकी वर्षे का लागली, याचे एक कारण काळाच्या हिशोबात आहे. १९८१ साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या एका चाचणीत औषध एकच महिना दिले गेले आणि लाभ दिसला नाही. गॉथेनबर्गच्या गटाचे म्हणणे असे होते की पहिले काही आठवडे रुग्णाला उलट थोडे जड वाटू शकते, आणि हृदयाचा आकार व जोर सुधारण्यास कित्येक महिने लागतात. रुग्णांना हे समजावताना मी घाटातल्या बैलाचे उदाहरण देतो: चढावर थकलेल्या बैलावर चाबूक ओढत राहिले तर तो काही पावले पळेल आणि मग कोसळेल; चाबूक काढून घेतला तर तो आधी मंदावतो, पण गाडी माथ्यावर पोहोचवतो. शेतकऱ्याला हे लगेच पटते, आणि पहिल्या महिन्यात थकवा वाटला तरी तो गोळी सोडत नाही.

१९८७ साल हे स्वेडबर्ग यांच्या कारकिर्दीतील मोठे वळण ठरले. कॉन्सेन्सस नावाची चाचणी नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या तीन देशांत झाली, आणि तिच्या प्रमुख संशोधकांत ते होते. बसल्या जागी धाप लागणाऱ्या, म्हणजे आजाराच्या चौथ्या पायरीवरच्या २५३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून एनालाप्रिल (अँजिओटेन्सिन हे संप्रेरक तयार होणे रोखणाऱ्या गटातले औषध) किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देण्यात आली. सहा महिन्यांत औषधविरहित गटातील ४४ टक्के रुग्ण दगावले, तर एनालाप्रिलच्या गटात २६ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवावी लागली. हार्ट फेल्युअरमध्ये या गटाचे औषध मृत्यू टाळते, हे इतक्या ठामपणे प्रथमच सिद्ध झाले. ४४ टक्के हा आकडा क्षणभर नीट पाहावा असे मला वाटते. त्या काळी सर्वांत चांगल्या रुग्णालयात, सर्वांत चांगली काळजी घेऊनही शंभरातली चव्वेचाळीस माणसे सहा महिन्यांत जात होती.

या चाचणीत जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून स्वेडबर्ग यांनी १९९० साली आणखी एक गोष्ट दाखवली. ज्यांच्या रक्तात नॉरॲड्रिनॅलिन, अँजिओटेन्सिन अशी संप्रेरके अधिक होती, त्यांच्या मृत्यूचे प्रमाण औषधविरहित गटात अधिक होते. हार्ट फेल्युअर हा केवळ पंप बिघडल्याचा आजार नसून त्या बिघाडाला शरीराने दिलेल्या प्रतिसादाचाही आजार आहे, या विचाराला त्यातून रुग्णांच्या रक्तातला आधार मिळाला. बीटा-ब्लॉकर आणि एनालाप्रिल ही वरकरणी वेगळी औषधे एकाच तर्काने जोडली गेली.

१९९२ साली कॉन्सेन्सस-दोन ही चाचणी प्रसिद्ध झाली. हार्ट अटॅक आल्यावर पहिल्या चोवीस तासांतच एनालाप्रिल सुरू केले तर लाभ होईल का, हा तिचा प्रश्न होता, सहा हजारांहून अधिक रुग्ण तिच्यात होते, आणि उत्तर आले की लाभ होत नाही. तो निबंध स्वेडबर्ग यांनी स्वतःचे नाव पहिले लावून प्रसिद्ध केला. ज्या औषधाने आपल्याला कीर्ती दिली, ते कोठे चालत नाही हे तितक्याच स्पष्टपणे सांगणे, याला मी संशोधकाच्या चारित्र्याचा पुरावा मानतो. २०१४ साली पॅराडाइम नावाच्या चाचणीत सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन या नव्या जोडऔषधाची तुलना एनालाप्रिलशीच झाली, आठ हजारांहून अधिक रुग्णांत हृदयविकाराने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले, आणि एनालाप्रिल दुसऱ्या क्रमांकावर गेले. त्या चाचणीच्या कार्यकारी समितीतही स्वेडबर्ग होते.

मधल्या काळात बीटा-ब्लॉकरची कहाणी पूर्णत्वास गेली. १९९३ च्या एमडीसी चाचणीत ३८३ रुग्णांत मेटोप्रोलॉलने सुधारणा दिसली, पण आकडेशास्त्राच्या निकषाला ती थोडक्यात हुकली. १९९९ साली बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल या दोन औषधांच्या स्वतंत्र मोठ्या चाचण्यांत मृत्यूचे प्रमाण प्रत्येकी ३४ टक्क्यांनी घटले, आणि दोन्ही चाचण्या वेळेआधी थांबवाव्या लागल्या. सात रुग्णांच्या निबंधापासून येथवर चोवीस वर्षे गेली होती. २००३ च्या कॉमेट चाचणीत, जिच्या संशोधकांत स्वेडबर्ग होते, कार्व्हेडिलॉलने मेटोप्रोलॉल टार्ट्रेटपेक्षा अधिक जीव वाचवले. हा तपशील आपल्याकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावा. १९९९ च्या चाचणीत यशस्वी ठरलेले मेटोप्रोलॉल हे सक्सिनेट या दीर्घकाळ टिकणाऱ्या रूपातले होते. औषधाच्या दुकानात टार्ट्रेट आणि सक्सिनेट ही दोन्ही मिळतात, पाकिटावरचे नाव जवळजवळ सारखे असते, आणि एक नसल्यास दुसरे हातात दिले जाते. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेला तो दुसरा शब्द पाहून घ्यावा आणि बदल दिसल्यास आपल्या डॉक्टरांना विचारावे.

२०१० ची शिफ्ट चाचणी स्वेडबर्ग यांच्या नावावर आहे. ज्यांचे ठोके मिनिटाला सत्तर किंवा अधिक आहेत, अशा रुग्णांत ठोके मंद करणाऱ्या आयव्हाब्रॅडीन या औषधाने हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर वाढून रुग्णालयात दाखल होण्याचे एकत्रित प्रमाण १८ टक्क्यांनी घटले. माझे मत असे आहे की या औषधाकडे वळण्यापूर्वी बीटा-ब्लॉकरचा डोस सोसेल तितका वाढवून पाहायला हवा, कारण त्या चाचणीतही पूर्ण डोसवर असलेले रुग्ण साधारण चौथा हिस्साच होते. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांच्या समितीचे ते अध्यक्ष होते, हेही येथे नोंदवतो.

आता त्यांच्या दुसऱ्या वळणाकडे येतो. २०१० साली गॉथेनबर्ग विद्यापीठात व्यक्तिकेंद्रित शुश्रूषेच्या अभ्यासाचे एक केंद्र सुरू झाले. त्याचे नेतृत्व इंगर एकमन या परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिकेकडे होते, आणि स्वेडबर्ग त्यांच्या बरोबरीने या कामात उतरले. एका जगप्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञाने नर्सिंगच्या प्राध्यापिकेच्या नेतृत्वाखाली काम करावे, ही गोष्ट आपल्याकडच्या रुग्णालयांतली उतरंड पाहिलेल्या माणसाला लहान वाटणार नाही. या पद्धतीत तीन गोष्टी आहेत. प्रथम रुग्णाला त्याची हकीकत त्याच्या शब्दांत सांगू द्यायची: आजारापूर्वी दिवस कसा जात होता, आता काय जमत नाही, त्याला काय पुन्हा जमायला हवे आहे. मग त्याच्याशी चर्चा करून उपचाराची आखणी दोघांनी मिळून ठरवायची. आणि जे ठरले ते लिहून ठेवायचे, म्हणजे पुढच्या पाळीची नर्स किंवा पुढचा डॉक्टर ते बदलून टाकणार नाही.

हा विचार सद्भावनेचा आहे म्हणून त्यांनी तसाच स्वीकारला नाही. औषधासारखीच त्याचीही परीक्षा घेतली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हार्ट फेल्युअर वाढल्याने दाखल झालेल्या रुग्णांची जुन्या पद्धतीच्या काळातील रुग्णांशी तुलना केली गेली. सर्व रुग्ण धरले तर रुग्णालयातला मुक्काम सुमारे एक दिवसाने घटला, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकत होता. जेथे ही पद्धत पूर्णपणे पाळली गेली, तेथे मुक्काम अडीच दिवसांनी घटला. चिठ्ठ्या टाकून केलेली ही चाचणी नव्हती, त्यामुळे कॉन्सेन्ससचे वजन तिला देता येणार नाही. तरीही एक गोष्ट तिच्यातून दिसते: पद्धत अर्धवट पाळली तर लाभही अर्धवटच होतो.

सीमाभागात या पद्धतीची गरज किती आहे, हे येथे काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. माझा रुग्ण घरी मराठी बोलतो, बाजारात मराठीत कानडी मिसळतो, आणि त्याची नातवंडे शाळेत कन्नड शिकतात. आजार वाढला की तो बेळगावला जातो, कधी मिरज किंवा कोल्हापूरला, आणि घाटाजवळच्या गावांतले लोक गोव्याला बांबोळीला जातात. प्रत्येक ठिकाणी वॉर्डातली भाषा वेगळी, आणि डिस्चार्जचा कागद सगळीकडे इंग्रजीत. या कागदावर औषधे बिनचूक लिहिलेली असतात. ती त्या माणसाच्या दिवसात कशी बसणार, हे मात्र त्यावर नसते, कारण त्याचा दिवस कसा असतो हे विचारण्यास तेथे कोणाला सवड नसते.

कणकुंबीच्या बाजूचे एक आजोबा वारंवार फुप्फुसांत पाणी होऊन दाखल होत असत. सगळी औषधे लिहून दिलेली, घरात सगळी औषधे होतीही. सावकाश बोलते केल्यावर कळले की बाजाराच्या किंवा दवाखान्याच्या दिवशी ते लघवीची गोळी घेत नाहीत, कारण बस वाटेत थांबत नाही आणि त्यांना लाज वाटते. पुढे पुढे घराबाहेर पडण्याच्या प्रत्येक दिवशी ती गोळी चुकू लागली होती. आम्ही ठरवले की अशा दिवशी गोळी सकाळी न घेता दुपारी घरी परतल्यावर घ्यायची. डोस तोच, औषध तेच. त्यानंतर त्यांचे दाखल होणे पुष्कळ कमी झाले. निपाणीकडच्या एका बाईंना मीठ बंद करायला सांगितले होते, आणि त्यांनी भाजीतले मीठ खरोखर बंद केले होते. पण भाजी अळणी लागते म्हणून रोज लोणचे, पापड आणि सुकट खात होत्या. जेवणात काय असते हे त्यांना कोणी विचारले नव्हते, मीठ कमी करा एवढेच सांगितले होते.

माझ्या दवाखान्यात आता प्रत्येक हार्ट फेल्युअरच्या रुग्णासाठी एक कागद असतो, मराठीत, आणि हवा असल्यास कन्नडमध्ये. वर रुग्णाने सांगितलेले एक उद्दिष्ट लिहिलेले असते. कोणाला वैजनाथाच्या डोंगरावर जायचे असते, कोणाला जोतिबाच्या यात्रेला, कोणाला फक्त माळ्यावरून भाताचे पोते स्वतः उतरवायचे असते, आणि या शेवटच्या इच्छेला मला कधीकधी नकार द्यावा लागतो. खाली गोळ्यांच्या वेळा त्याच्या दिवसाप्रमाणे, आणि वजनाची नोंद. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढले तर पाणी साठू लागले आहे, हे सूज दिसण्याआधी कळते. घरी वजनकाटा नसेल तर गावातल्या किराणा दुकानाचा किंवा आशाताईंकडचा काटा चालतो, मात्र दर वेळी तोच वापरायचा.

केरळमधील त्रिवेंद्रमच्या रुग्णनोंदणीत २०१३ साली हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या १२०५ रुग्णांचा पाठपुरावा झाला. त्यांचे सरासरी वय ६१ होते, म्हणजे पाश्चात्त्य रुग्णांहून साधारण दहा वर्षांनी कमी. घरी जाताना शिफारशीप्रमाणे सर्व औषधे केवळ चौथ्या हिश्शाला मिळाली होती, आणि तीन वर्षांत सुमारे ४५ टक्के रुग्ण दगावले. केरळमध्ये ही स्थिती असेल तर आमच्या घाटाखालच्या आणि घाटावरच्या वाड्यांत काय असेल, याची मोजणी व्हायला हवी. एनालाप्रिल आणि कार्व्हेडिलॉल स्वस्त आहेत. डॅपाग्लिफ्लोझिन या आजारावरच्या दुसऱ्या नव्या औषधाचे मूळ पेटंट २०२० मध्ये आणि सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनचे २०२३ मध्ये संपल्यानंतर त्यांच्याही किमती खूप उतरल्या आहेत. त्यामुळे औषध महाग म्हणून बंद पडते की दुसऱ्या कशाने, हा प्रश्न आता नव्याने विचारता येतो.

बेळगावात संशोधनाची परंपरा आहे. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या गटाने माता व नवजात बालकांच्या आरोग्यावर खेड्यापाड्यांत जाऊन केलेल्या चाचण्या जगभर वाचल्या जातात, आणि गावोगावी पाठपुरावा कसा करायचा याचा अनुभव तेथे आहे. हृदयरोग किंवा मेडिसिनचा एखादा पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधत असेल, तर त्याला माझी सूचना अशी: खानापूर, चंदगड आणि निपाणी भागांतून हार्ट फेल्युअरने दाखल होऊन घरी गेलेल्या रुग्णांना एक वर्षानंतर भेटावे, कोणती गोळी चालू आहे आणि कोणती कधी बंद झाली हे पाहावे, आणि बंद होण्याचे कारण त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. पत्ते शोधायला, वाड्यांपर्यंत पोहोचायला आणि जुने कागद वाचून द्यायला मी तयार आहे. पावसाळा संपल्यावर सुरुवात केली तर कणकुंबीपलीकडचे रस्तेही मोकळे असतात.